परभाषा कोणती शिकावी? : भीमाकाठचा अनुभव

शालान्त परीक्षेचे निकाल लागले, म्हणजे शिक्षकांना पालकांच्या पुष्कळ प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात. त्यांत अलीकडे एका प्रश्नाची भर पडली आहे. मुलाला एखादी परदेशी भाषा शिकवावयाची आहे. ती कोणती असावी? जर्मन बरी की जपानी? फ्रेंचला अजून किंमत आहे काय? या प्रश्नाचे उत्तर सामान्यतः नोकरीच्या जाहिराती पाहून दिले जाते. ज्या देशाचे कारखाने आज आपल्याकडे येत आहेत, त्या देशाची भाषा शिका, असा तो सल्ला असतो. हा सल्ला अगदीच चुकीचा नाही. तथापि तो अपुरा आहे, असे मला वाटते. आणि तो अपुरा का आहे, हे आपल्याच प्रदेशाच्या इतिहासात स्पष्ट दिसते.

श्रोतेहो, आपला प्रदेश म्हणजे बीदर आणि गुलबर्गा, आजच्या नावाने कलबुर्गी, या जिल्ह्यांचा सीमाभाग. कलबुर्गी जिल्ह्याच्या अफझलपूर तालुक्यातील करजगी हे गाव उदाहरणादाखल डोळ्यांसमोर आणा. तालुक्याच्या एका अंगाला महाराष्ट्राची सीमा भिडलेली, आणि भीमा नदी जवळून वाहणारी. अशा गावातील मराठी घरच्या मुलाच्या कानावर मराठीबरोबरच कन्नड आणि दखनी या भाषा पाळण्यापासून पडतात. पुढे शाळा त्याला हिंदी आणि इंग्रजी देते. याच तालुक्यात गाणगापूर आहे. तेथील श्रीनृसिंहसरस्वतींचा महिमा सांगणारे ‘गुरुचरित्र’ ज्यांनी मराठीत रचले, ते सरस्वती गंगाधर घरी कन्नड बोलणारे होते, असे मानले जाते. तेव्हा दुसऱ्याची भाषा आपलीशी करणे ही येथे नवलाची गोष्ट नव्हे. परंतु शेजाऱ्याची भाषा आणि परकीय भाषा यांत एक भेद आहे. शेजाऱ्याची भाषा न मागता मिळते. परकीय भाषा घर देत नाही, अंगण देत नाही, बाजारही देत नाही. ती जाणून बुजून निवडावी लागते, आणि निवड आली की कारण आलेच. आपल्या पूर्वजांनी कोणत्या कारणाने कोणती भाषा निवडली, हे आज आपल्याला पाहावयाचे आहे.

इसवी सन १३४७ मध्ये बहमनी राज्याची स्थापना झाली आणि गुलबर्गा ही त्याची राजधानी झाली. पुढच्या शतकात राजधानी बीदरला गेली. या राज्याची दरबारी भाषा फारसी होती. इराणातील गीलान प्रांताचा एक व्यापारी, महमूद गावान, १४५३ च्या सुमारास बीदरला आला आणि आपल्या कर्तृत्वाने या राज्याचा वजीर झाला. त्याने बांधलेला मदरसा १४७२ मध्ये पुरा झाला. १६९६ मध्ये दारूच्या स्फोटाने त्याचा बराच भाग कोसळला. उरलेली इमारत आणि तिच्यावरील रंगीत कौलांचे नक्षीकाम आजही बीदरमध्ये पाहावयास मिळते. गावान स्वतः फारसी पत्रलेखनातील अधिकारी पुरुष होता आणि त्याचा पत्रसंग्रह विद्वानांत प्रसिद्ध आहे. म्हणजे आपल्या भागात एके काळी फारसी शिकावयाची, तर तिच्या उत्तम जाणकारांच्या पायाशी बसून शिकता येत असे.

याच सुमारास, १४७० च्या आसपास, अफनासी निकितीन नावाचा एक रशियन व्यापारी चौलच्या बंदरात उतरून जुन्नरमार्गे बीदरला आला. त्याच्याजवळ विकावयास एक घोडा होता. त्याला संस्कृत येत नव्हते, मराठी वा कन्नड येत नव्हते. परंतु बाजारपेठांतून चालणारी तुर्की-फारसी-अरबी अशी मिश्र बोली त्याला येत होती, आणि तेवढ्यावर त्याने हिंदुस्थानातील आपला मुक्काम निभावला. मायदेशी परतताना त्याने जे प्रवासवर्णन लिहिले, त्यातील रशियन मजकुरातही या मिश्र बोलीची वाक्ये मधून मधून येतात. फारसीचे सामर्थ्य त्या काळी कोठवर पोचले होते, हे यावरून कळते. आजच्या इंग्रजीला जे स्थान आहे, त्याच्या जवळपासचे स्थान त्या शतकांत आशियाच्या मोठ्या भागात फारसीला होते.

मराठी माणसांनी ही भाषा शिकली ती पोटासाठी. यात कमीपणा काही नाही. आपली आडनावेच त्याची साक्ष देतात. फारसीतील ‘नवीस’ म्हणजे लिहिणारा. त्यापासून फडणीस, चिटणीस ही नावे आली. आणि सरकारी फारसी पत्रव्यवहार सांभाळणारा तो पारसनीस. गावच्या वतनाचे कागद मराठीत, दरबारचा हुकूम फारसीत, आणि या दोहोंच्या मध्ये दोन्ही भाषा जाणणारा कारकून, अशी ही व्यवस्था होती. विजापूरच्या आदिलशाहीत पहिल्या इब्राहिमाने, म्हणजे १५३४ ते १५५८ या काळात राज्य करणाऱ्या सुलतानाने, महसुलाचे हिशेब फारसीऐवजी देशी भाषेत ठेवण्याचा प्रघात पाडला, असे इतिहासकार फेरिश्ता सांगतो. त्याच्यामागून आलेल्या सुलतानाने पुन्हा फारसीला जवळ केले. तरीही आदिलशाही फर्मानांत वर फारसी मजकूर आणि त्याखाली मोडी लिपीत मराठी मजकूर, अशी जोड पुष्कळदा आढळते. राज्यकर्त्याची मर्जी बदलली की भाकरीची भाषा बदलते, हा धडा आपल्या भागाला सोळाव्या शतकातच मिळाला होता.

पुढच्या शतकात या प्रश्नाला एक नवे वळण मिळाले. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने रघुनाथपंत हणमंते यांनी ‘राज्यव्यवहारकोश’ सिद्ध केला. राज्यकारभारातील सुमारे चौदाशे यावनी शब्दांना त्यात संस्कृत प्रतिशब्द दिले आहेत. मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव झाला, डबिराचा सुमंत झाला. या प्रयत्नाचे महत्त्व मोठे आहे. इतिहासाचार्य राजवाडे यांनी जुन्या पत्रांतील शब्द मोजून दाखविले, की १६२८ मधील पत्रात बहुतेक शब्द फारसी आहेत, तर १७२८ मधील पत्रात ते अगदी थोडे उरले आहेत. पण येथे एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. महाराजांनी आपल्या घरातला फारसीचा अंमल उठविला. फारसीचे ज्ञान मात्र टाकले नाही. मोगल आणि विजापूरकर यांच्याशी पत्रव्यवहार करण्यासाठी त्यांच्या पदरी फारसीचे जाणकार मुनशी होतेच. स्वतःचा कारभार स्वतःच्या भाषेत चालवावा, आणि ज्याच्याशी गाठ आहे त्याची भाषा पक्की जाणावी, या दोन गोष्टी परस्परविरोधी नाहीत. परभाषा शिकली की स्वभाषा बुडते, अशी भीती बाळगणाऱ्यांनी आणि परभाषा आली की स्वभाषेची गरज सरली असे मानणाऱ्यांनी, दोघांनीही हे उदाहरण विसरू नये.

अठराव्या शतकात मात्र ही दृष्टी मंद झाली. मराठ्यांची सत्ता अटकेपर्यंत गेली. पण तिची परकीय भाषा एकच राहिली, आणि ती म्हणजे जुन्या, उताराला लागलेल्या मोगल सत्तेची फारसी. १७८६ मध्ये इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट पुण्यास येऊन राहिला. त्याच्याशी होणारा लेखी व्यवहारही बहुधा फारसीतूनच चाले. इंग्रजांचा अंतर्गत पत्रव्यवहार, त्यांची वर्तमानपत्रे, त्यांची युद्धशास्त्रावरील व यंत्रांवरील पुस्तके ही ज्या भाषेत होती, ती भाषा शिकविणारी शाळा पुण्यात निघाली नाही. उलट बाजूला काय चालले होते? १८०० मध्ये कलकत्त्यास फोर्ट विल्यम कॉलेज निघाले. कंपनीच्या तरुण अंमलदारांना तेथे फारसी, अरबी, संस्कृत, हिंदुस्थानी, बंगाली यांच्याबरोबर मराठीही शिकविण्याची योजना झाली. विल्यम कॅरे हे मराठीचे अध्यापन करीत, आणि वैजनाथ नावाचे पंडित त्यांना साहाय्य करीत. १८०५ मध्ये कॅरे यांचे मराठी व्याकरण छापून झाले आणि १८१० मध्ये मराठी कोश निघाला. पेशवाई बुडाली ती १८१८ मध्ये. राज्य जाण्याची कारणे अनेक होती. केवळ भाषेने राज्य गेले, असे कोणीही म्हणणार नाही. तथापि शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण लागण्यापूर्वी बारा वर्षे आपल्या भाषेचे व्याकरण त्यांच्या हाती होते आणि त्यांच्या भाषेचे व्याकरण आपल्या हाती नव्हते, ही वस्तुस्थिती मनन करण्याजोगी आहे. ज्याची सत्ता काल होती त्याची भाषा आपण जपली, आणि ज्याची सत्ता उद्या येणार होती त्याची भाषा दुर्लक्षिली.

या सार्वत्रिक उदासीनतेला एक तेजस्वी अपवाद दूर दक्षिणेत दिसतो. तंजावरचे मराठा राजे दुसरे सरफोजी यांना श्वार्त्झ नावाच्या जर्मन पाद्र्याच्या देखरेखीखाली शिक्षण मिळाले. १७९८ मध्ये गादीवर आल्यावर त्यांची सत्ता नाममात्र उरली होती. पण या राजाने इंग्रजीखेरीज इतर युरोपीय भाषांतही रस घेतला, वैद्यक आणि निसर्गशास्त्र यांवरील पाश्चात्त्य ग्रंथ मागविले, आणि सरस्वती महाल ग्रंथालयात त्यांचा संग्रह केला. संस्कृत, तमिळ, मराठी हस्तलिखितांच्या शेजारी इंग्रजी, फ्रेंच, जर्मन पुस्तके तेथे आजही आहेत. राज्य गेलेल्या माणसालाही परभाषेने जगाचे दार उघडून दिले, ते असे.

आता परक्यांनी आपली भाषा कशी शिकली, हेही थोडे पाहू; कारण त्यातही बोध आहे. थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट धर्मोपदेशक १५७९ मध्ये गोव्यास आले. त्यांना पोर्तुगीज येत असती तरी गोव्याच्या सरकारी वर्तुळात निभावले असते. पण त्यांचे काम खेड्यापाड्यांतील माणसांशी होते. म्हणून ते कोंकणी शिकले, मराठी शिकले, आणि १६१६ मध्ये त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ हे ओवीबद्ध मराठी काव्य छापून निघाले. ज्या माणसांशी बोलावयाचे त्यांची भाषा, एवढा साधा त्यांचा नियम होता. याच्या उलट उदाहरणही गोव्यातच आहे. १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने हुकूम काढला, की लोकांनी तीन वर्षांत आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलावे. हुकूम कागदावर राहिला. कोंकणी आजही बोलली जाते. स्वेच्छेने शिकलेल्या परक्या भाषेत एक काव्य निर्माण झाले; सक्तीने लादलेली भाषा घरात शिरू शकली नाही.

आपल्या भागाकडे परत येऊ. इंग्रजी मुलखात १८३७ च्या कायद्याने फारसीला कचेरीतून निरोप देण्याचा मार्ग मोकळा झाला. निजामाच्या राज्यात, म्हणजे बीदर-गुलबर्ग्याकडे, ती त्यानंतरही सुमारे अर्धे शतक टिकली. १८८४ च्या सुमारास तिची जागा उर्दूने घेतली. १९१८ मध्ये हैदराबादेस उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले. वैद्यक, कायदा, विज्ञान हे सारे विषय तेथे उर्दूतून शिकवले जात, आणि त्यासाठी पाश्चात्त्य ग्रंथांचे उर्दू अनुवाद करणारे एक स्वतंत्र खातेच होते. १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले आणि विद्यापीठाचे माध्यम इंग्रजी झाले. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत हैदराबाद राज्याचे तुकडे झाले. गुलबर्गा आणि बीदरचा बराच भाग म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात आला, आणि कचेरीची भाषा कन्नड होण्याचा मार्ग मोकळा झाला. विचार करा: १८८० च्या आसपास जन्मलेल्या आणि दीर्घायुषी झालेल्या एखाद्या कारकुनाने वडिलांच्या हाती फारसी कागद पाहिला असेल, स्वतःची नोकरी उर्दूत केली असेल, मुलाला इंग्रजी शिकताना पाहिले असेल आणि नातवाला कन्नडमधून अर्ज लिहिताना. एका आयुष्यात भाकरीची भाषा तीन वेळा बदलली. म्हणून मी म्हणतो, की केवळ आजच्या जाहिरातीवरून भाषा निवडणे अपुरे आहे. जाहिरात पाच वर्षांची असते. भाषा शिकणाऱ्याचे आयुष्य त्याहून मोठे असते.

मग टिकते काय? याचे उत्तर आपल्याच मातीतील एका माणसाच्या चरित्रात मिळते. सेतुमाधवराव पगडी यांचा जन्म १९१० मध्ये निलंगा येथे झाला. निलंगा त्या वेळी बीदर जिल्ह्यात होते. संस्थानच्या मुलकी सेवेत शिरावयाचे तर उर्दू आवश्यक होती; ती त्यांना आली. लाखो लोक तेथेच थांबले. पगडी थांबले नाहीत. आदिलाबादकडे काम करताना त्यांनी गोंडी आणि कोलामी या आदिवासींच्या भाषा शिकून त्यांची व्याकरणे लिहिली. फारसीवर प्रभुत्व मिळवून त्यांनी मोगल दरबारची बातमीपत्रे, भीमसेन सक्सेनासारख्या समकालीनाचे वृत्तान्त मराठीत आणले. मराठ्यांच्या स्वातंत्र्ययुद्धाकडे शत्रूच्या छावणीतून पाहण्याची सोय मराठी वाचकाला त्यामुळे झाली. संस्थान गेले, उर्दूची नोकरी गेली. पण त्या भाषेने उघडलेले दार बंद झाले नाही. १९९२ मध्ये त्यांना पद्मभूषण हा सन्मान मिळाला. भाकरीसाठी शिकलेली भाषा कामासाठी वापरली, म्हणून ती टिकली.

काम आधी आणि भाषा मागून, हा क्रम आणखी काही थोर माणसांत दिसतो. पंडिता रमाबाई यांचे नाव केडगावच्या मुक्तिसदनाशी जोडलेले आहे. पण गुलबर्ग्यासही त्यांनी १९१२ च्या सुमारास शाळा काढली होती, हे आपण स्मरले पाहिजे. संस्कृतात पारंगत असलेल्या या विदुषीने बायबलचे भाषांतर सामान्य स्त्रियांना समजेल अशा मराठीत करावयाचे ठरविले. इंग्रजीवरून भाषांतर करणे त्यांना सहज शक्य होते. परंतु मूळ ग्रंथ हिब्रू आणि ग्रीक भाषांत आहे. म्हणून त्यांनी या दोन्ही भाषांचा अभ्यास केला. हे काम त्या १९२२ मध्ये मृत्यू येईपर्यंत करीत होत्या, आणि १९२४ मध्ये ते ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. हिब्रूला बाजारात मागणी आहे काय, हा प्रश्न त्यांच्या मनातही आला नसेल.

गोव्यातील सांखवाळचे धर्मानंद कोसंबी यांचे असेच. बुद्धाचा धर्म मुळातून जाणावा ही त्यांची तळमळ. त्यासाठी ते १९०२ मध्ये लंकेस गेले आणि पाली शिकले. पुढे हार्वर्ड विद्यापीठाला ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथाच्या संपादनासाठी त्यांची गरज भासली. नोकरीसाठी भाषा शिकलेला माणूस नोकरी शोधत फिरतो. कामासाठी भाषा शिकलेल्या या माणसाला काम शोधत आले. गोव्याचेच पांडुरंग पिसुर्लेकर यांनी पोर्तुगीज भाषेच्या बळावर गोव्याचे दप्तरखाने धुंडाळले. १५९५ पासूनची परंपरा असलेल्या त्या दप्तरखान्याचे ते १९३१ ते १९६१ या काळात प्रमुख होते. मराठे आणि पोर्तुगीज यांच्या संबंधांविषयी आज आपल्याला जे विश्वसनीय ज्ञान आहे, त्यातील फार मोठा भाग त्यांच्या परिश्रमाचे फळ आहे. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात ग. ह. खरे यांनी फारसीच्या बाबतीत हेच केले आणि ‘ऐतिहासिक फारसी साहित्य’ खंडशः प्रसिद्ध केले. पोर्तुगीज आणि फारसी या दोन्ही भाषांचे राज्य आपल्यावरून गेले आहे. पण आपल्या पूर्वजांचे व्यवहार त्या भाषांच्या पेट्यांत बंद आहेत, आणि पेटी उघडावयास किल्ली लागते.

या साऱ्या अनुभवाचे सार काढून आजच्या विद्यार्थ्याला काय सांगावे? माझ्या मते त्याने स्वतःला चार प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न असा, की या भाषेवाचून माझे कोणते काम अडले आहे? यंत्रविद्या शिकून जर्मनीत पुढील अभ्यास करावयाचा असेल, तर जर्मन. जपानी कारखान्याशी तंत्रज्ञ म्हणून संबंध यावयाचा असेल, तर जपानी. दख्खनचा इतिहास शोधावयाचा असेल, तर फारसी. काम काहीच ठरले नसेल, तर भाषेची निवडही घाईने करू नये.

दुसरा प्रश्न अंतराचा. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या शिक्षणसंस्थेने आपल्या अनुभवावरून अंदाज बांधले आहेत. फ्रेंच कामापुरती येण्यास सुमारे ६०० ते ७५० तासांचे वर्ग, फारसीला सुमारे ११००, आणि अरबी वा जपानीला सुमारे २२०० तास. हा हिशेब इंग्रजी मातृभाषा असणाऱ्यांचा आहे. आपला हिशेब निराळा मांडला पाहिजे. जमीन, बाजार, कागद, अर्ज, हुकूम, वसूल, खर्च हे शब्द मराठी मूल फारसीचे नाव ऐकण्यापूर्वीच वापरत असते. पगार, चावी, बटाटा हे शब्द त्याला पोर्तुगीजने दिले आहेत. जर्मनमध्ये तीन लिंगे आहेत म्हणून इंग्रज विद्यार्थी घाबरतो. मराठीतही तीनच आहेत. जपानी वाक्यात क्रियापद शेवटी येते आणि शब्दयोगी अव्यय नामाच्या मागून येते; मराठीत आणि कन्नडमध्येही तसेच आहे. लिपी मात्र कठीण, हे मान्य केले पाहिजे. करजगीच्या मुलाजवळ चार-पाच भाषांची पुंजी आधीच आहे. ती त्याने मोजून पाहावी. पुष्कळदा त्यालाच तिचे मोल ठाऊक नसते.

तिसरा प्रश्न चिकाटीचा. ही भाषा मी पाच वर्षे सोडणार नाही काय? युरोपीय भाषांच्या परीक्षांत सहा पायऱ्या मानतात, जपानीच्या परीक्षेत पाच. पहिली पायरी चढून चार भाषांची चार प्रमाणपत्रे मिळविण्यापेक्षा एकाच भाषेची चौथी पायरी गाठणे कधीही श्रेयस्कर. हैदराबादचे इंग्रजी आणि परकीय भाषा विद्यापीठ आपल्याला फार दूर नाही. पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन, फ्रेंच, रशियन, जपानी या भाषा शिकवल्या जातात. सोय आहे; सातत्य आपण आणावयाचे.

चौथा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ती भाषा शिकून मी माझ्या भाषेत काय आणणार? स्टीफन्स, पगडी, रमाबाई, कोसंबी यांची नावे आपण आज घेतो, ती त्यांना किती भाषा येत होत्या म्हणून नव्हे. जे मराठीत नव्हते ते त्यांनी मराठीत आणले, म्हणून घेतो. भाषा शिकून केवळ परदेशी जाणारा स्वतःचे कल्याण करतो आणि ते करण्याचा त्याला अधिकार आहे. पण दहांत एकाने तरी परतीचा माल आणला पाहिजे.

शेवटी एका निकडीच्या गोष्टीकडे लक्ष वेधतो. हैदराबादच्या राज्य अभिलेखागारात शाहजहान आणि औरंगजेब यांच्या काळातील दीड लाखाच्या आसपास फारसी कागद आहेत. दख्खनच्या सुभ्यांचा कारभार, फौजा, जहागिरी यांची नोंद त्यांत आहे. त्याखेरीज आपल्या सीमाभागात जुन्या वतनदारांच्या घरी, दर्ग्यांत, मठांत इनामाच्या सनदा रुमालात बांधून ठेवलेल्या असतात. त्यांवर फारसी आणि मोडी अशी दोन्ही अक्षरे असतात, आणि घरातील कोणालाही त्यांतले एक अक्षर लागत नाही. कसर तेवढी त्यांचे वाचन करते. आपल्या पूर्वजांनी फारसी शिकली तेव्हा तिच्यात भाकरी होती. आज तिच्यात भाकरी थोडी आहे, आणि म्हणूनच ती कोणी शिकत नाही. पण गावाची सीमा कोणती होती, तळे कोणी खोदले, दुष्काळात सारा कोणी माफ केला, कोणत्या मठाला आणि कोणत्या दर्ग्याला एकाच सुलतानाने जमीन दिली, याची उत्तरे त्या रुमालांत आहेत. ती वाचली गेली नाहीत, तर आपला इतिहास आपल्याला दुसऱ्यांनी सांगितला तेवढाच कळेल. आणि सांगणारा आपल्या सोयीनेच सांगतो.

सर्वांनी फारसी शिकावी, असे माझे म्हणणे नाही. बहुतेकांनी जर्मन, जपानी, फ्रेंच शिकावी, कारखान्यांत आणि प्रयोगशाळांत नाव कमवावे. परंतु अफझलपूर, आळंद, भालकी, बसवकल्याण या प्रत्येक तालुक्यातून एका तरी विद्यार्थ्याने फारसी आणि मोडी या दोन्हींचा अभ्यास मनावर घ्यावा, आणि त्याच्या शिक्षणाचा भार गावाने उचलावा. दर तालुक्यास एक, एवढीच ही मागणी आहे. त्या विद्यार्थ्याला शब्दांची निम्मी शिदोरी आपल्या बोलीनेच बांधून दिलेली आहे. उरलेली वाट चालण्यास त्याला दोन-तीन वर्षे पुरतील, असे मला वाटते. कागद मात्र अनंत काळ थांबणार नाहीत.